डक्टमधली पिल्ले : विश्रामबागेतील एका इमारतीच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

सांगलीच्या विश्रामबाग भागातील आमच्या इमारतीला दोन डक्ट आहेत. पूर्वेकडील डक्टमध्ये स्नानगृहांच्या खिडक्या उघडतात, तर पश्चिमेकडील डक्टमधून स्वयंपाकघरांचे सांडपाण्याचे पाइप खाली उतरतात. दोन्ही डक्ट एका बाजूने उघडे असल्यामुळे तेथे कबुतरांचा कायमचा मुक्काम आहे. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे वारंवार आत गेल्यास फुप्फुसांना सूज येऊ शकते, आणि चौथ्या मजल्यावरील आजींना आधीपासूनच दम्याचा त्रास आहे. त्यामुळे जाळी बसवावी या निर्णयाला सभेत कोणाचाही विरोध नव्हता, माझाही नाही.

माझी विनंती एवढीच होती, की जाळी ठोकण्यापूर्वी प्रत्येक सज्जा पाहिला जावा. मागील वर्षी जवळच्याच एका इमारतीत घाईने जाळी बसवली गेली आणि आत पिल्ले राहून गेली. मोठी कबुतरे बाहेरून जाळीवर धडका देत राहिली आणि पुढच्या आठवड्यात दुर्गंधीमुळे जाळी पुन्हा कापावी लागली. त्या मजुरांनी काही जाणूनबुजून केले असे मला वाटत नाही. आत पिल्ले असतील हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते, कारण कबुतराचे पिल्लू त्यांच्यापैकी कोणी कधी पाहिलेलेच नव्हते. सभेतही हाच प्रश्न आला : कबुतरे एवढी शेकड्यांनी दिसतात, मग त्यांची पिल्ले असतात तरी कुठे?

काम पाडव्यापर्यंत उरकावे असे ठरले आहे. तोवर नोंदी ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आणि तिसऱ्या मजल्यावरील अकरावीतल्या दोन मुलींकडे आली आहे.

१९ जानेवारी

सज्जांना मजल्याप्रमाणे नावे दिली : पूर्व १ ते पूर्व ५ आणि पश्चिम १ ते पश्चिम ५. लांब काठीला छोटा आरसा बांधून स्नानगृहाच्या खिडकीतून तो हळूच बाहेर काढला, की घरट्यात हात न घालता आतले सर्व दिसते. नाका-तोंडावर मास्क लावणे आणि विष्ठेचा थर कोरडा न झाडता आधी पाणी शिंपडून ओला करणे हे दोन नियम मुलींना प्रथम सांगितले.

पूर्व ३ येथे परवा संध्याकाळी एक पांढरे अंडे दिसले होते. आज दुपारी दुसरे दिसले. कबुतराची मादी बहुधा दोनच अंडी घालते आणि त्या दोहोंत दीड ते दोन दिवसांचे अंतर असते. घरटे म्हणावे असे तेथे फारसे काही नाही. दहा-पंधरा काटक्या, केबलची दोन टोके आणि खराट्याच्या काही काड्या एवढ्यावर संसार मांडलेला आहे. ज्या रानपारव्यापासून शहरी कबूतर आले, तो कड्याच्या कपारीत आणि गुहेच्या खोबणीत घरटे करतो. तेथे अंडे गडगडू नये एवढीच सोय पुरते, म्हणून विणकामाची कला या पक्ष्याच्या अंगी आलीच नसावी असे मला वाटते. सिमेंटचा सज्जा, त्यामागची भिंत आणि वर दुसऱ्या सज्जाची सावली ही सगळी रचना त्याच्या दृष्टीने कड्याचीच आहे.

२६ जानेवारी

सुट्टी असल्यामुळे मुलींनी दिवसभर आळीपाळीने पाहिले. सकाळी दहाच्या सुमारास नर आला, मादी उठली आणि तो तिच्या जागी बसला. उन्हे कलल्यावर मादी परतली आणि रात्रभर तीच बसून राहिली. दोघांची ही पाळी जवळपास ठरलेली असते. अदलाबदलीला काही क्षणच लागतात आणि अंडी उघडी पडत नाहीत, म्हणून खालून पाहणाऱ्याला तेथे एकच कबूतर सतत आळसावून बसलेले दिसते. आत अंडी आहेत अशी शंकाही येत नाही.

पश्चिम डक्टमध्ये सध्या एकही चालू घरटे नाही. पूर्व ५ येथे मात्र पिसे फुटलेली दोन मोठी पिल्ले आहेत आणि ती लवकरच उडतील.

६ फेब्रुवारी

पूर्व ३ मधील दोन्ही अंडी फुटली. दुसरे अंडे पडल्यापासूनचा हिशेब अठरा दिवसांचा होतो आणि सर्वसाधारण काळ सतरा ते एकोणीस दिवसांचा आहे. पिल्लांचे डोळे बंद आहेत, अंगावर विरळ पिवळसर लव आहे आणि चोच शरीराच्या मानाने फारच मोठी दिसते. जन्मताना पिल्लाचे वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास असते; पूर्ण वाढलेले कबूतर तीनशे ग्रॅमच्या पुढे जाते. हे सारे अंतर एका महिन्यात तोडायचे असते.

१० फेब्रुवारी

ते अंतर कसे तुटते याची नोंद सविस्तर ठेवतो आहोत, कारण पिल्ले न दिसण्याचे मुख्य कारण याच नोंदीत आहे.

चिमणी, साळुंकी किंवा बुलबुल यांची पिल्ले तोंड उघडून ओरडतात आणि आई-बाप त्यात अळ्या व किडे कोंबतात. कबुतराच्या घरट्यात हे दृश्य नाही. येथे पिल्लूच आपली चोच आई-बापाच्या तोंडात घालते आणि त्यांच्या गळ्यातील अन्नपिशवीतून वर येणारा पदार्थ पिते. हा पदार्थ म्हणजे कबुतराचे दूध. अंडी फुटण्याच्या थोडे दिवस आधी प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या प्रभावाने अन्नपिशवीचे अस्तर जाड होते आणि त्याच्या पेशी सुटून पिवळट, घट्ट दह्याच्या गुठळ्यांसारखा पदार्थ तयार होतो. त्यात प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर असतात, पिष्टमय भाग जवळजवळ नसतो, आणि रोगप्रतिकारक द्रव्येही त्यातून पिल्लाला मिळतात. सस्तन प्राण्यांच्या दुधाशी त्याचा रचनेने संबंध नाही, परंतु प्रोलॅक्टिन दोन्हीकडे तेच आहे. मुलींना सर्वांत नवल वाटले ते याचे, की हे दूध नरालाही येते. पक्ष्यांमध्ये असा आहार कबूतर-होला वर्गाखेरीज रोहित (फ्लेमिंगो) आणि सम्राट पेंग्विन यांच्यातच आढळतो.

पहिले काही दिवस पिल्लाला याखेरीज दुसरे काही दिले जात नाही आणि पहिल्या दोन दिवसांतच त्याचे वजन दुप्पट होते. पुढे दुधात भिजलेले दाणे मिसळू लागतात. याचा एक मोठा परिणाम आहे. बहुतेक पक्ष्यांना पिल्ले वाढवण्यासाठी किड्यांचा हंगाम गाठावा लागतो, मग आई-बाप स्वतः धान्य खाणारे असले तरीही. कबुतराला तो गाठावा लागत नाही. आई-बापाला दाणे मिळत असले, की पिल्लाचे दूध गळ्यातच तयार होते. म्हणून सांगलीसारख्या ठिकाणी, जेथे मार्केट यार्डात वर्षभर पोती उतरतात आणि दाणे सांडतात, तेथे थंडीत, उन्हाळ्यात, भर पावसातही कबुतरांची घरटी चालू असतात. पिल्लांचा अमुक महिना असा नसल्यामुळे त्यांची वाट पाहण्याची सवयही लोकांना लागलेली नाही.

१३ फेब्रुवारी

डोळे उघडले आहेत. पिसांची निळसर-काळी टोके कातडीतून वर आली आहेत. आरसा जवळ नेताच थोरले पिल्लू अंग फुगवून चोच आपटू लागले; पळता न येणाऱ्या जिवाचे संरक्षण एवढेच.

२० फेब्रुवारी

आई-बाप आता दिवसा घरट्यावर बसत नाहीत. ते येतात, भरवतात आणि लगेच निघून जातात, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला हा सज्जा रिकामा वाटेल. नेमक्या याच टप्प्यावर, घरट्यात पिल्ले असताना आणि मोठे कबूतर दिसत नसताना, जाळी बसवली जाण्याचा धोका सर्वांत जास्त आहे. पिल्ले आवाज करतात, पण तो बारीक शीळ घातल्यासारखा असतो आणि स्नानगृहातल्या नळाच्या आवाजात विरून जातो. त्यांची विष्ठा आई-बाप उचलून नेत नाहीत. ती घरट्याच्या कडेला साचून वाळते आणि काटक्यांचा तो खेळ आता चांगला कडक वाडगा झाला आहे.

वॉचमनमामांना आरशातून पिल्ले दाखवली. ते तासगाव तालुक्यातले. बराच वेळ पाहून ते म्हणाले, “बाई, आमच्याकडं जुन्या विहिरीत पारवं असायचं. वरनं खडा टाकला की भसाभस बाहेर यायचं. पिल्लं बघायची तर मोट धरायच्या दगडावर पालथं पडून खाली वाकाय लागायचं.” विहिरीच्या दगडी बांधकामातील खोबणीत पारवे घरटी करतात हे आपल्याकडील शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्या विहिरी बुजल्या किंवा त्यांना सिमेंटची कडी बसली, आणि गावाकडून शहराकडे आलेल्या माणसांप्रमाणे पारव्यालाही डक्टमध्ये जागा मिळाली. मामांच्या बोलण्यानंतर इमारतीतील लोकांचा या कामाकडे पाहण्याचा सूर बदलला, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

२७ फेब्रुवारी

आज एक अडचण उभी राहिली. पूर्व ३ मधील पिल्ले एकवीस दिवसांची झाली असताना त्याच जोडीने वरच्या मजल्यावर, पूर्व ४ येथे, पाइपच्या मागे नवे अंडे घातले आहे. कबुतरांमध्ये हे नेहमीचे आहे. मादी नव्या अंड्यांकडे वळते आणि जुन्या पिल्लांना भरवण्याचे काम मुख्यतः नराकडे जाते. अन्न पुरेसे असेल तर एकाच जोडीच्या दोन पिढ्या अशा एकमेकींवर चढतात. याचा अर्थ, “सगळी पिल्ले उडाली की जाळी लावू” असे म्हणत बसलो तर पूर्व डक्ट कधीच मोकळा होणार नाही.

१ मार्च

पूर्व ४ येथे दुसरे अंडे. सेक्रेटरींशी बोलले. अंडी काढून टाकावीत असे दोघा-तिघांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही, आणि केवळ हळवेपणामुळे नव्हे. अंडी गेली तर ती जोडी आठवडा-दहा दिवसांत पुन्हा अंडी घालते आणि आपण होतो तेथेच राहतो. खरा उपाय जागा बंद करण्याचा आहे. आमचा डक्ट बाजूने उघडा असल्यामुळे जाळी वरपासून खालपर्यंत एकसंध न लावता मजल्यागणिक लावता येते. म्हणून असे ठरले : पश्चिम डक्ट पूर्ण रिकामा आहे, तो आधी बंद करावा. पूर्व ५ मधील पिल्ले फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच उडून गेली आहेत. तो सज्जा आणि पूर्व १, २ हेही लगेच बंद करावेत. पूर्व ३ पिल्ले उडाल्यावर त्याच दिवशी बंद होईल. पूर्व ४ ला मात्र थांबावे लागेल. पाडव्याची मुदत त्या एका मजल्यापुरती टळेल, हे सर्वांनी मान्य केले. आजींनीही केले, त्यांची खिडकी पूर्व ४ लाच उघडत असूनही. त्यांच्या खिडकीला आतून पातळ जाळीदार कापड लावून दिले आहे.

६ मार्च

पश्चिम डक्टला जाळी बसली. जाळीची चौकट ५० मिलिमीटरची घेतली आहे. तीतून कबूतर शिरू शकत नाही, चिमणी मात्र सहज ये-जा करते, आणि चिमणीला अडवण्याचे आपल्याला काही कारण नाही. जाळी ताठ ओढून बसवण्याचा आग्रह धरला, कारण सैल जाळीत पक्ष्यांचे पाय अडकतात.

१० मार्च

सकाळी पूर्व ३ मधील थोरले पिल्लू सज्जावरून उडून समोरच्या गच्चीवर गेले. धाकटे दुपारपर्यंत सज्जाच्या कडेला पंख फडफडवत राहिले आणि मग तेही गेले. वय बत्तीस दिवस. उन्हाळ्यात हा काळ साधारण चार आठवड्यांचा असतो, थंडीत तो लांबतो. चिमणीचे पिल्लू पंधरा दिवसांत घरटे सोडते आणि बुलबुलाचे त्याहूनही लवकर. त्यांच्या तुलनेत कबूतर आपल्या पिल्लाला दुप्पट काळ आत ठेवते, आणि ते बाहेर पडते तेव्हा आकाराने व वजनाने जवळजवळ आई-बापाएवढे झालेले असते. लहान पिल्लू थव्यात दिसत नाही याचे उत्तर एवढेच आहे : ते लहान असेपर्यंत थव्यात येतच नाही.

संध्याकाळी पूर्व ३ बंद केला.

१५ मार्च

मुलींना घेऊन मार्केट यार्डात गेले. हळदीचे सौदे चालू आहेत आणि शाळूची आवकही सुरू झाली आहे. धान्याच्या गाळ्यांसमोर सांडलेल्या दाण्यांवर मोठा थवा उतरला होता. घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले पक्षी त्यात ओळखता येतात का, हे पाहायचे होते.

येतात, आणि एकदा खुणा कळल्या की ते चुकत नाहीत. मोठ्या कबुतराच्या चोचीच्या मुळाशी पांढरा, पिठूळ, फुगीर भाग असतो. कोवळ्या कबुतरात तो करडा आणि चपटा दिसतो. मोठ्याचा डोळा नारिंगी-तांबडा असतो, कोवळ्याचा तपकिरी. मानेवरची हिरवी-जांभळी झळाळी अजून आलेली नसते. काहींच्या डोक्यावर पिवळ्या लवेचे दोन-चार धागे तसेच राहिलेले असतात. एक कोवळे कबूतर पंख थरथरवत आणि बारीक आवाज करत एका मोठ्या कबुतराच्या मागे धावत होते. घरटे सोडल्यानंतरही काही दिवस बाप असे भरवतो. मोजमाप केले नाही, पण थोड्याच वेळात मुलींनी अनेक पिल्ले शोधून दाखवली. म्हणजे ती आपल्या डोळ्यांसमोरच होती. एका तोलाईवाल्या काकांनी चौकशी केली, तेव्हा त्यांनाही खुणा दाखवल्या; नंतर तेच आम्हाला हाका मारून एकेक पिल्लू दाखवू लागले.

२० मार्च

आज जागतिक चिमणी दिन. इमारतीच्या उत्तरेकडील भिंतीवर, उन्हापासून बाजूला, लाकडी खोपी टांगल्या. प्रवेशाचे भोक सुमारे ३२ मिलिमीटरचे ठेवले आहे, जेणेकरून साळुंकी आत जाऊ नये. खोपीने चिमणीला जागा मिळेल, परंतु तिच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत लागणाऱ्या अळ्या मिळणार नाहीत. त्यासाठी खाली माती, गवत आणि देशी झुडपे हवीत. आवारात फरशी टाकण्याचा प्रस्ताव आहे. त्यातून एक पट्टा वगळावा असे लेखी कळवले आहे.

पूर्व ४ येथील अंडी काल फुटली.

२९ मार्च

पहिल्या मजल्यावरील बाल्कनीत, जास्वंदीच्या कुंडीत, बुलबुलाचे घरटे आहे. तेथील ताई काळजीत होत्या, कारण एक पिल्लू उडता येत नसतानाही खाली झुडपात बसले होते. बुलबुलाची पिल्ले पूर्ण उडता येण्याआधीच घरटे सोडतात आणि काही दिवस झुडपांत लपून राहतात. आई-बाप तेथेच भरवतात. असे पिल्लू उचलून खोक्यात ठेवू नये. मांजर जवळ असेल तर तेवढे उंच फांदीवर ठेवून बाजूला व्हावे. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप पिल्लाला टाकून देतात, हा समज खरा नाही.

६ एप्रिल

पूर्व ४ मधील पिल्लांना पिसे भरली आहेत. त्यांच्या आई-बापाने शेजारच्या इमारतीतील एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे काड्या नेण्यास सुरुवात केली आहे. आमच्याकडे दुसरा सज्जा मोकळा न ठेवल्याचा हा परिणाम आहे. याचा आनंद मला अर्धाच वाटतो. जाळीने आमची खिडकी स्वच्छ राहील, परंतु शहरातील कबुतरे त्यामुळे कमी होणार नाहीत. त्यांची संख्या मुख्यतः अन्नावर ठरते. जोवर आपण चौकात पोत्याने ज्वारी टाकतो, तोवर प्रत्येक जोडीला वर्षातून अनेकदा पिल्ले काढण्याची ताकद आपणच पुरवतो. दाणे टाकण्यामागची श्रद्धा मला समजते आणि तिचा मी आदर करते. तरीही आमच्या गच्चीवरचे दाणे बंद करण्याचा ठराव मी मांडला आहे. शेजारच्या इमारतीच्या अध्यक्षांना घरट्याची जागा आणि अंदाजे तारखा कळवल्या आहेत.

१७ एप्रिल

पूर्व ४ मधील दोन्ही पिल्ले आज उडाली. वय एकोणतीस दिवस. उष्म्याचा फरक येथे दिसतो. सज्जा पाण्याने भिजवून खरवडला, विष्ठा पिशव्यांत बांधून काढली आणि दुपारी जाळी लावली. आजींच्या खिडकीवरचे कापड काढून टाकले.

११ मे

डक्टचे काम संपले असले तरी मुलींनी पाहणे सोडलेले नाही. कृष्णेकाठच्या एका जुन्या कमानीखाली पाकोळ्यांची वसाहत त्यांनी शोधली आहे. पिसे आणि गवत लाळेने चिकटवून केलेल्या त्या घरट्यांतून पिल्लू बाहेर पडते ते थेट उडतच. पाकोळीचे पाय फांदीवर बसण्याजोगे नसतात, त्यामुळे तिच्या पिल्लाला झाडावर किंवा जमिनीवर शिकण्याचा टप्पाच नाही. आमराईत कावळ्यांची घरटी भरात आहेत आणि त्यांतील एकात कोकिळेचे पिल्लू आहे. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्यांआधी फुटते आणि त्या पिल्लाला आधी आलेल्याचा फायदा मिळतो. त्या झाडाखालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर कावळे झेपावत असल्याने मुलींना छत्री घेऊन जाण्यास सांगितले आहे.

७ जून

सोसायटीच्या दुरुस्तीच्या नोंदवहीत एक पान जोडले आहे. डक्ट, सज्जे, गच्चीवरील टाकीची खोली किंवा एसीची जागा यांपैकी कोठेही जाळी, रंग वा गिलाव्याचे काम काढण्यापूर्वी आरशाने पाहणी करावी आणि जागा, अंडी किंवा पिल्ले, पिसांची अवस्था व अंदाजे उडण्याची तारीख भरावी. लव असेल तर किमान तीन आठवडे थांबावे. पिसे पूर्ण असून लवेचे धागे उरले असतील तर आठवडाभर. पानावर सेक्रेटरींची आणि काम करणाऱ्या ठेकेदाराची सही घ्यावी. गच्चीवरील टाकीच्या खोलीचे काम पावसाळ्यानंतर आहे. तेथील पहिली पाहणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलीच करणार आहेत.